सहा जबड्यांची बचत

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. वाकून केलेला आहे असं समज, कारण आमच्या टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे मी हे सगळं पत्र वाकूनच लिहितो आहे. तुझी तब्येत कशी आहे, रक्तदाब जागेवर आहे ना, शेजारच्या बाईंनी तुझी शिडी परत केली का, हे सविस्तर कळव. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. (पत्राच्या सुरुवातीला ठीक असावं लागतं, म्हणून आहोत.) खालच्या लाँड्रीतली मोठी यंत्रं रविवारीसुद्धा चालू असतात आणि त्यांच्याबरोबर आमची जमीन, टेबल आणि मी असे तिघं हलतो. तेव्हा अक्षर वेडंवाकडं दिसलं तर काळजी करू नकोस. शिवाय मी मधून मधून उठतो आहे. आत्ताही खिडकीपर्यंत जाऊन आलो. खिडकीबाहेर काही नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी मी तुला दोन खोल्यांच्या घराबद्दल लिहिलं होतं, ते तू विसरली नसशीलच. तुझी भाचेसून मुलांना गणित शिकवायला रोज पाच घरं फिरते. एका घरी कुत्रा आहे, एका घरी चार जिने आहेत, आणि एका घरी मुलाचे आजोबा स्वतःच गणितं सोडवून टाकतात. स्वतःची एक वेगळी खोली असती तर हीच मुलं तिच्याकडे आली असती आणि तिच्या पायांची वणवण थांबली असती. तशी खोली मिळाली. सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांचं घर. मुलांसाठी वेगळी खोली, तिला वेगळं दार, खाली लाँड्री नाही. अनामत रक्कम मात्र अशी की ऐकून मी तिथल्या तिथे खाली बसलो आणि बसल्या बसल्या फरशी चांगली आहे असं म्हणालो. नकाशेवाल्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. ती येत्या शुक्रवारी संपते. शुक्रवारी पूर्ण रक्कम पोचली नाही, तर ते घर एका चष्म्याच्या दुकानदाराला गोदाम म्हणून जाणार आहे. म्हणजे जिथे मुलांनी बेरीज-वजाबाकी करायची, तिथे चष्म्याच्या रिकाम्या डब्या राहणार.

आम्ही दोघांनी अर्धा अर्धा वाटा उचलायचा ठरवलं. मी लगेच म्हणालो की माझा वाटाही दर महिन्याला तूच काढून घे आणि तूच सांभाळ. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “तुमचा वाटा तुम्ही सांभाळायचा. मी तुमची राखणदार होणार नाही.” तिचा शांतपणा तुला माहीत आहे. आरडाओरडा केला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

म्हणून मी तुला शरण आलो. तीस वर्षं तू पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत बसलीस, कर्मचाऱ्यांना अर्धं तिकीट असूनही एकदाही पाण्यात उतरली नाहीस, आणि त्यातून स्वतःचं घर केलंस. तुझ्याइतका पैशावर वचक असलेला माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही. (माझे वडील, म्हणजे तुझे सख्खे भाऊ, यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते उधळे नव्हते, त्यांना फक्त नाही म्हणता येत नसे, आणि हे त्यांचं त्यांनी मला जसंच्या तसं दिलं.) तू उलट टपाली चार सवयी लिहून पाठवल्यास. त्या मी मनापासून पाळल्या, हे मला तुला सगळ्यात आधी सांगायचं आहे. पुढे जे झालं ते न पाळल्यामुळे झालेलं नाही.

पहिली सवय, रोजचा खर्च लिहायचा. मी एक वही आणली. पहिले दोन आठवडे फार छान गेले. चहा, बूट-पॉलिश, बसचं तिकीट, एका ओळखीच्या माणसाला बरं वाटावं म्हणून घेतलेली त्याच्या लॉटरीची अर्धी पावती, सगळं तारीखवार. आत्या, मला लिहायला इतकं आवडू लागलं की एखाद्या दिवशी काही खर्च झाला नाही तर ते पान मोकळं राही आणि मला चैन पडेना. संध्याकाळी घरी येताना वाटायचं, निदान एखादी पेन्सिल तरी. पहिल्या महिन्याअखेर तुझ्या भाचेसुनेने वही चाळली आणि विचारलं की आपल्याकडे अकरा पेन्सिली कुठून आल्या. वही बंद केली. पेन्सिली तिने शिकवणीच्या मुलांना वाटल्या, त्यामुळे तो पैसा वाया गेला असं मला म्हणता येत नाही.

दुसरी सवय, घ्यावीशी वाटलेली वस्तू लगेच घ्यायची नाही, एक दिवस थांबायचं. तू ज्या दिवशी हे लिहिलंस त्या दिवशी तुझ्यासमोर माझ्यासारखा माणूस नसावा. मला थांबता येत नाही, हे तुला मी चालायला शिकलो तेव्हापासून माहीत आहे. एका दुकानात मला एक हातोडी आवडली. (आमच्या कामात हातोडी लागते, ही चैन नव्हती.) मी नियमाने मागे फिरलो. पण ती कुणी नेली तर, या धास्तीने त्याच दिवशी चार वेळा जाऊन बघून आलो. चौथ्या खेपेला दुकानदाराने मला स्टूल दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्याने हातोडी बाजूला काढून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवली होती आणि दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं होतं. वर चहा मागवला. आता चहा पिऊन झाल्यावर मला ती नको आहे असं कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय हातोडीला दांडा लहान वाटतो असं मी आदल्या दिवशी बोलून गेलो होतो, म्हणून त्याने मोठा दांडा बसवला होता, आणि त्याचे पैसे वेगळे होते. एक दिवस थांबल्यामुळे ती हातोडी मला सव्वापट किमतीला पडली.

मध्येच उठलो होतो. गॅस बंद आहे की नाही ते पाहिलं. बंद होता. मग म्हटलं चालू करून बंद केला तर खात्री होईल, तेही केलं.

तिसरी सवय, पगार झाला की आधी बचत काढायची आणि उरलेल्यात भागवायचं, आणि चौथी, बचत अशा जागी ठेवायची की जिथे सहज हात पोचणार नाही. तिसरी मी तत्काळ उचलली. पगाराच्या दिवशी नोटा मोजून बाजूला ठेवल्या आणि मला खरोखर मोठं झाल्यासारखं वाटलं. घोळ चौथीत होता. बँकेत ठेवावं म्हटलं तर बँकेचं पैसे काढायचं यंत्र आमच्या कार्यशाळेच्या जिन्याखालीच आहे. जाता येता आमची नजरानजर होते. कार्ड घरी ठेवलं तर मी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन नेतो, हे एकदा झालं. पुस्तकात ठेवले, कोणत्या पुस्तकात ते लक्षात राहिलं. मोज्यांत ठेवले, तेच मोजे घातले. सारांश, माझा हात जिथे पोचणार नाही अशी जागा घरात नव्हती. मग ती मला कामावर सापडली.

मी काय करतो हे तू दर वेळी लोकांना “दातांच्या डॉक्टरकडे असतो” असं सांगतेस, म्हणून एकदा नीट सांगतो. आम्ही कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही त्याचा जबडा तयार करतो. त्या जबड्यावर मेण लावून दात बसवायचे, मग तो पितळी डबीत आणखी प्लास्टर घालून बंद करायचा आणि उकळायचा. मेण वितळून जातं, त्या पोकळीत गुलाबी हिरडीचा माल भरायचा, पुन्हा उकळायचं. शेवटी डबी उघडून हातोडीने जबडा फोडला की आतून कवळी निघते. जबडा कायमचा गेला. कार्यशाळेच्या भिंतीवर लांबच्या लांब फळी आहे आणि तिच्यावर कायम पन्नास-साठ पांढरे जबडे आपल्या पाळीची वाट बघत बसलेले असतात. प्रत्येकाखाली चिठ्ठी असते: डॉक्टर कोण, पेशंट कोण, तारीख काय.

आता तूच सांग, पैसे ठेवायला याहून सुरक्षित जागा कोणती? नोटांची घडी मेणाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायची, नमुन्याच्या रबरी साच्यात ठेवायची, वर प्लास्टर ओतायचं. वीस मिनिटांत दगड. काढायचे झाले तर सगळ्यांसमोर हातोडी मारावी लागणार, आणि तेवढी लाज मला अजून आहे. चिठ्ठीवर पेशंट म्हणून कुणाचं तरी नाव हवं होतं. मी लिहिलं, आत्या. तुझा धाक वाटावा म्हणून. आणि खरं सांगतो, वाटला. सहा महिन्यांत सहा जबडे झाले, तीन वरचे, तीन खालचे, आणि मी एकालाही हात लावला नाही. पैशाचं परिमाण माझ्या डोक्यात जबडा हेच होऊन बसलं. नवे बूट म्हणजे पाव जबडा, हे कळल्यावर मी जुनेच शिवून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट धरून ठेवली होती. रोज सकाळी कामावर गेल्यावर फळीकडे बघायचो, सहा जबडे माझ्याकडे बघायचे, आणि दिवसभर हात स्थिर राहायचा. घरी मात्र यातलं काही बोललो नाही. शुक्रवारी सगळे पैसे एकदम तिच्यापुढे ठेवायचे आणि तिचा चेहरा बघायचा, एवढीच हौस होती.

तर मागच्या महिन्यात मला दोन दिवस बाहेरगावच्या दवाखान्यांत माल पोचवायला पाठवलं. आमचे मालक, ज्यांना आम्ही आपसात अक्कलदाढ म्हणतो (उशिरा येतात आणि आले की दुखतात), मनाने फार चांगले आहेत, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली. त्यांनी फळी आवरायला काढली. पाच महिन्यांपूर्वीच्या तारखेची, माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी दिसली. पेशंट, आत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आपल्याच कामगाराची आत्या पाच महिने दातांवाचून बसली आहे आणि हा बिचारा संकोचाने बोलत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. तीस वर्षांत स्वतः मेणाला हात न लावलेला माणूस दोन दिवस स्टुलावर बसला आणि त्याने एक वरचा आणि एक खालचा जबडा घेऊन तुझी पूर्ण कवळी तयार केली. उकळली. फोडली. घासून चकचकीत केली.

मी परत आलो तेव्हा ती कापसावर ठेवलेली होती आणि सगळे कामगार भोवती उभे होते. अक्कलदाढ म्हणाले, “घेऊन जा. आत्याबाईंना म्हणावं, आता कडक बिस्कीटसुद्धा चावा.” मी जबड्यांबद्दल विचारलं, तर ते माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, “बघा, याने प्लास्टर वाचवायला आत कागद भरला होता. काटकसर याला म्हणतात. शिका काहीतरी.” कागद त्यांनी अर्थातच कचऱ्यात टाकला होता. त्यांच्या चष्म्याचा नंबर तुला सांगत नाही, पण उकळून मेणात लडबडलेली नोटांची घडी त्यांना रद्दी वाटली यात त्यांचा दोष नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हुकमाने सगळेजण जबड्यांत जुनी वर्तमानपत्रं भरू लागले. आठवड्याभरात सात जबडे तडकले, तेव्हा तो हुकूम मागे घेतला गेला. तुझ्या कवळीची किंमत त्यांनी निम्मीच लावली आणि ती माझ्या पगारातून कापली. निम्मी लावली म्हणून मी त्यांचे आभारही मानले.

तुला वाटेल, सरळ खरं का नाही सांगितलं. सांगायला तोंड उघडलं होतं. पण मालकाच्या प्लास्टरमध्ये, मालकाच्या वेळेत, मी माझी बचत पुरली हे वाक्य मनात जुळवून बघितलं आणि मिटलं. मग तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या अंगणात कचऱ्याची पोती उपसत होतो. फुटलेल्या प्लास्टरची नऊ पोती. रोज घरी पांढराशुभ्र होऊन यायचो. तुझी भाचेसून फक्त म्हणायची की आंघोळीचं पाणी काढलंय. तिसऱ्या दिवशी आठव्या पोत्यात एक गोळा सापडला. आत्या, त्या गोळ्याला मी अंगणात उभ्या उभ्या कपाळाला लावलं. दुसरा गोळा नव्हता. त्याच्या आधीची पोती कुठल्या तरी रस्त्याच्या खड्ड्यात भरायला गेली, असं गाडीवाल्याने सांगितलं. कुठल्या, ते त्याला आठवेना. तेव्हापासून मी रस्त्याने खाली बघत चालतो.

सापडलेला गोळा घेऊन बँकेत गेलो. खराब नोटा बदलून देणाऱ्या बाई तरुण आणि अतिशय गंभीर होत्या. त्यांनी खणातून चिमटा काढला, गोळा उलटसुलट केला, वास घेतला आणि विचारलं, “या उकडल्यात का?” मी हो म्हणालो. मग एक अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, नोटा खराब होण्याचं कारण. मी बराच वेळ विचार करून लिहिलं, दात. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं माझ्या घरी लहान मूल आहे अशी त्यांची समजूत झाली, कारण त्यानंतर त्या एकदम प्रेमाने वागल्या. दोन तास त्या एकेक नोट सोडवत होत्या आणि मी काउंटरसमोर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी रखवालदाराने मला बाहेर एक फेरी मारून यायला सांगितलं. नोटा सगळ्या वाचल्या, आकडे दिसत होते. तो जबडा परत मिळाला.

फळीवरचे चार मी काल सगळ्यांसमोर फोडले, त्या महागड्या हातोडीने. लाज वाटली नाही. त्यांतलं सगळं शाबूत होतं. म्हणजे सहापैकी पाच जबडे आत्ता माझ्या कपाटात कपड्यांखाली आहेत, आणि मी हे लिहिताना तीनदा उठून ते आहेत का बघून आलो आहे. आत्ताच चौथ्यांदा.

हिशेब तुझ्या लक्षात आला असेल. एक जबडा कमी. आणि शुक्रवार पाच दिवसांवर. तिचा वाटा तयार आहे, तिने कधीच सांगितलं आहे, कसलाही गाजावाजा न करता. मला काल विचारलं, “तुमचं जमतंय ना?” मी हसून मान हलवली. अशी हलवली की त्याचे दोन्ही अर्थ होतील. ती गेली आणि मी जिन्यात बसून राहिलो. तिने पाच घरं सोडून एका खोलीत बसावं, एवढीच गोष्ट होती आत्या. फार मोठी नव्हती. आणि ती माझ्यामुळे हुकणार असेल तर मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या सवयींमध्ये काही खोट नाही. पत्र लांबलं. तब्येतीला जप, औषध वेळेवर घे, आणि शिडीचा पाठपुरावा सोडू नकोस.

तुझा भाचा

ता. क. हे पत्र मी पैसे मागायला लिहिलेलं नाही. तू पैसे देणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि दिलेस तर मला तुझा आदर वाटणार नाही. तेव्हा कृपा करून देऊ नकोस. (फारच दाटून आलं तर गोष्ट वेगळी. आकडा पाकिटाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिला आहे.)

ता. क. दुसरा. आकडा खोडला. खरं काम वेगळंच आहे, ते सरळ लिहितो. तू तुझ्या भाचेसुनेला एक पत्र पाठव. त्यात लिही की मागच्या महिन्यात तुला दातांसाठी अचानक पैसे लागले आणि मी एक जबडा, म्हणजे तेवढी रक्कम, तुला पाठवली, आणि ती तू पुढच्या महिन्यात परत करशील. तिला तुझ्याबद्दल फार आदर आहे, ती काही बोलणार नाही, नकाशेवाल्यांकडे स्वतः जाऊन महिन्याची मुदत मागेल. यात अर्धं तर खरंच आहे. तुझे दात तयार आहेत. मी तुझ्याकडे आजवर खोटं बोलायला कधी मदत मागितली नाही, खोटं मी नेहमी माझं मीच बोललो आहे. एवढ्या एका वेळी सांभाळून घे.

ता. क. तिसरा. पत्र तिच्याच हाती पोस्टात टाकायला देतो आहे, चार जिन्यांच्या शिकवणीच्या वाटेवर पेटी आहे. घाबरू नकोस, पाकीट घट्ट चिकटवलं आहे. शिवाय ती दुसऱ्याचं पत्र कधी उघडत नाही.

आत्याबाई, सा. न.

मी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही हे खरं आहे, आणि हेही मी उघडलेलं नाही. ह्यांनी मला घट्ट चिकटवलेलं रिकामं पाकीट दिलं. पत्र टेबलावरच उघडं पडलं होतं. त्यात माझ्याबद्दल लिहिलेलं दिसलं आणि मी वाचलं. क्षमा असावी. त्यामुळे पत्र एक दिवस उशिरा निघतं आहे. पाकीट नवीन आहे, तेव्हा आतल्या बाजूला आकडा शोधू नका.

तुम्ही पैसे पाठवू नका, आणि दातांचं पत्रही लिहू नका. घर गेलेलं नाही. पूर्ण अनामत मी नकाशेवाल्यांना तीन आठवड्यांपूर्वीच देऊन आले होते, ह्यांच्या वाट्यासकट. पहिल्या महिन्यापासून मी दोघांचाही वाटा बाजूला टाकत होते. रविवारची आणखी दोन घरं घेतली होती, ह्यांना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगत होते. तुमचा वाटा तुम्ही सांभाळा असं ह्यांना तोंडाने म्हणाले आणि मनात धरून चालले की हे काही व्हायचं नाही. ह्यांना रोज पांढरं होऊन येताना बघितलं तेव्हाही मला वाटलं, काहीतरी नवीन खूळ असेल. मी विचारलंसुद्धा नाही. काल हे वाचलं आणि मला माझीच फार लाज वाटली. ते सहा महिने एक गोष्ट धरून बसले होते आणि मी सहा महिने त्यांच्यावर विश्वास नसल्याची बचत करत होते.

आज सकाळी मी नकाशेवाल्यांकडे जाऊन ह्यांचा वाटा परत मागून आणला, तो ह्यांनी स्वतःच्या हाताने भरावा म्हणून. आमचं भांडण झालं असं त्यांना वाटलं, त्यांनी मला पाणी दिलं. कमी पडणारी रक्कम मी शुक्रवारी तिथेच, ह्यांच्या समोर घालणार आहे, आणि रविवारच्या घरांचंही तेव्हाच सांगणार आहे. ते रागावले तर त्यांचा हक्क आहे. नकाशेवाल्यांनी विचारलं की हे उरलेले पैसे नक्की आणतील का, नाहीतर चष्मेवाला दारातच उभा आहे. मी म्हटलं, आणतील, माझा शब्द. आत्याबाई, अकरा वर्षांच्या संसारात ह्यांच्याबद्दल असं कुणाला सांगायची ही माझी पहिलीच वेळ होती.